२४ की २८? जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरचा प्रश्न

वालचंदनगर आणि त्याच्या आसपासच्या कळंब, लासुर्णे, अंथुर्णे, जंक्शन या गावांत आपल्या समाजाच्या काही घरांपुढे जुनी बुलेट उभी दिसते. कोणाची वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, कोणाची लष्कराच्या लिलावातून आलेली, तर कोणाची भंगारवाल्याच्या दारातून सोडवून आणलेली. बाप कारखान्यात फिटर नाहीतर टर्नर, मुलगा आयटीआय झालेला. त्यामुळे गाडी उघडायची भीती घरात कोणालाच नसते. हल्ली मुले ही गाडी ‘मॉडिफाय’ करून घेतात. टाकीला नवा रंग, नवी सीट, रुंद टायर, लांब सायलेन्सर. हे सारे झाले की शेवटी एक प्रश्न उरतो आणि त्यावरून घरात वाद होतो. कार्बोरेटर कोणता बसवायचा?

मुलगा म्हणतो, मोठा २८ चा बसवू. मिस्त्री म्हणतो, नव्या गाडीचा व्हॅक्यूमचा बसवू. वडील म्हणतात, कंपनीने दिलेला २४ चाच बरा. आई विचारते, खर्च किती येणार आणि गाडी पेट्रोल किती पिणार? चौघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. म्हणून या पानावर या विषयाचा नीट विचार करावा असे आम्हाला वाटले. माताभगिनींनी हा लेख पुरुषांचा समजून पान उलटू नये. पेट्रोलचे पैसे घरखर्चातूनच जातात, आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स आज आपल्या मुलीही करू शकतात.

वालचंदनगरला यंत्राची ओळख नवी नाही. शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाने वसलेल्या या गावात साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रे घडली. इस्रोच्या अग्निबाणांना लागणारी कवचे येथे तयार झाली. २०२३ च्या चांद्रयान-३ मोहिमेच्या अग्निबाणालाही येथील कारखान्याचे भाग लागले. हे काम शेटजींच्या नावावर नोंदले गेले तरी ते कामगारांच्या हातांनी झाले आहे. ज्या गावातले हात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे माप सांभाळतात, त्या गावात कार्बोरेटर ऐकीव गप्पांवर निवडला जावा, हे बरे नाही.

कार्बोरेटर करतो काय?

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. खरे तर ते हवेवर आणि पेट्रोलवर चालते, आणि त्यात हवाच फार जास्त लागते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे मिश्रण करणे एवढेच कार्बोरेटरचे काम.

त्यात पंप नसतो. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद घशातून जाते, तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तेथला दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते आणि हवेत त्याचे तुषार होतात. हवेचा वेग जितका जास्त, तितकी पेट्रोलला ओढ जास्त. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सारे सोपे जाते.

आता बुलेटचा हिशेब करू. ३५० म्हटली जाणारी बुलेट प्रत्यक्षात ३४६ सीसीची आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेते. मिनिटाला २००० फेऱ्या असतील तर १००० वेळा, म्हणजे फार तर ३४६ लिटर हवा. कार्बोरेटर कोणताही लावा, त्या वेगाला इंजिनाची भूक यापुढे जात नाही.

२४ आणि २८ हे आकडे घशाच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. २४ चा वर्ग ५७६ आणि २८ चा वर्ग ७८४. म्हणजे २८ चा घसा २४ पेक्षा ३६ टक्क्यांनी मोठा झाला. पण हवा तेवढीच आहे. तीच हवा मोठ्या घशातून गेली की तिचा वेग कमी होतो, पेट्रोलला ओढ कमी बसते आणि तुषारांऐवजी थेंब पडू लागतात. अशा वेळी एकदम रेस दिली की गाडी क्षणभर धाप टाकते, मग उडी मारते. त्या उडीलाच आपली मुले ‘पिकअप वाढला’ म्हणतात.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पहिला २४ चा. बिडाच्या जुन्या इंजिनाच्या ३५० बुलेटवर मिकुनी धाटणीचा ‘व्हीएम २४’ हा कार्बोरेटर वर्षानुवर्षे आला. यात गोल स्लाईड असते आणि ती अ‍ॅक्सिलेटरच्या केबलने सरळ वर ओढली जाते. रचना साधी, दुरुस्ती सोपी, भाग सहज मिळणारे. याचा मोठा शत्रू म्हणजे झीज. स्लाईड आणि तिची भिंत झिजली की फटीतून जास्तीची हवा शिरते. गाडी स्लोवर टिकत नाही, चौकात बंद पडते. अशी गाडी पाहून पुष्कळ लोक म्हणतात, ‘२४ चा कार्ब पुरत नाही.’ अडचण बहुधा मापाची नसते, झिजेची असते. त्याच मापाचा चांगला नवा कार्बोरेटर बसवला की गाडी पूर्वीसारखी टुकटुकू लागते.

दुसरा २८ चा. रचना २४ सारखीच, घसा मोठा. तो ५०० सीसी बुलेटवर येत असे. त्या इंजिनाची भूक मोठी, म्हणून घसाही मोठा. ३५० च्या इंजिनाचे पोर्ट मोठे करून घेतले असतील, व्हॉल्व बदलले असतील, फिल्टर आणि सायलेन्सर मोकळे केले असतील, आणि गाडी बहुतेक वेळ चढ्या वेगाने पळवायची असेल, तर २८ ला काही अर्थ आहे. नुसती टाकी रंगवलेल्या ३५० ला २८ लावणे म्हणजे लहान मुलाच्या पायात बापाचे बूट घालणे.

तिसरा व्हॅक्यूमचा. २००९ पासून आलेल्या नव्या इंजिनाच्या ३५० गाड्यांवर २९ मिलिमीटरचा असा कार्बोरेटर येत होता. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. यात केबल स्लाईडला लावलेली नसते. केबलने फक्त एक झडप फिरते. स्लाईडला रबराचा पातळ पडदा असतो आणि इंजिन जेवढी ओढ देईल तेवढीच ती स्वतः वर उचलली जाते. त्यामुळे आकडा २९ असला तरी हळू चालताना घसा लहान राहतो आणि वेगात मोठा होतो. एकदम रेस दिली तरी गाडी सहसा अडखळत नाही. पण जुन्या इंजिनावर तो सरळ बसत नाही. मॅनिफोल्डचा रबर, फिल्टरचा जोड, केबल, हे सारे जुळवावे लागते. आतले जेट दुसऱ्या इंजिनासाठी ठरवलेले असतात, तेही पुन्हा पाहावे लागतात. पडद्याला बारीकशी चीर गेली तरी गाडी ओढत नाही. खर्चही तिघांत जास्त.

याशिवाय बाजारात नामांकित कंपनीचे नाव कोरलेले स्वस्त नकली कार्बोरेटर मिळतात. त्यांच्या जेटवरचा आकडा आणि भोक यांचा मेळ असेलच असे नाही. ते टाळावेत.

आपला रस्ता कोणता?

कार्बोरेटर निवडताना गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार आहे ते आधी पाहावे. आपला रोजचा रस्ता म्हणजे वालचंदनगर ते जंक्शन, आणि तेथून एकीकडे बारामती, दुसरीकडे इंदापूर. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बिजवडीचा कर्मयोगी कारखाना यांचा गाळप हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. त्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालायचे, जागा मिळाली की पुढे काढायचे, पुन्हा हळू व्हायचे. मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी. अशा वेळी गाडीची खरी परीक्षा कमी वेगाला होते. ट्रॉलीच्या शेजारून पुढे निघताना गाडीने अर्धा सेकंद धाप टाकली तर ती गंमत राहत नाही, जिवावर बेतते.

वर्षातून एकदा १ जानेवारीला भीमा कोरेगावला, कधी १४ ऑक्टोबरला नागपूरला जाणारे तरुणही आहेत. लांबच्या पल्ल्यावर गाडी तापू नये, वाटेत कोठेही भाग मिळावा आणि कोणत्याही मिस्त्रीला ती समजावी, हे महत्त्वाचे. या कसोटीवरही साधा २४ मागे पडत नाही.

ऊस टाकीत आला

एक गोष्ट जुन्या मिस्त्रींच्या काळात नव्हती. आपल्या भागातला ऊस आता पेट्रोलच्या टाकीत येतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, किलोला सुमारे ९ किलो. म्हणून या मिश्र पेट्रोलचे योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. जुना जेट मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. परिणाम असा की काल बरोबर असलेल्या कार्बोरेटरमध्ये आज पेट्रोल थोडे कमी पडते. गाडी उशिरा सुरू होते, तापते, अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजते.

यावर उपाय घसा मोठा करणे हा नाही. जेट एक पायरी वाढवणे हा आहे. या कार्बोरेटरांत जेटचा आकडा मोठा तितके भोक मोठे. एकेक पायरीनेच जावे. भोकात तार घालून ते मोठे करणे हा अडाणीपणा आहे. पितळ एकदा खरवडले की माप कायमचे गेले.

इथेनॉल जुने रबर फुगवते आणि हवेतले पाणीही ओढून घेते. म्हणून पेट्रोलची नळी आणि वाटीचे रबर चांगल्या प्रतीचे, इथेनॉलला टिकणारे घ्यावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे. अ‍ॅव्हरेज थोडे उतरले तर लगेच मिस्त्रीला बोल लावू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दुचाकींचे अ‍ॅव्हरेज अशा पेट्रोलवर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिलेला आहे.

घरखर्च आणि कायदा

आईच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देऊ. समजा गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालते. लिटरला ३५ चे अ‍ॅव्हरेज असेल तर साडेअठ्ठावीस लिटर पेट्रोल लागते. चुकीच्या कार्बोरेटरने अ‍ॅव्हरेज २८ वर आले तर पावणेछत्तीस लिटर. म्हणजे महिन्याला सात लिटर जास्त. लिटरचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे. वर्षाला आठ हजारांहून अधिक रुपये धुरात गेले. तेवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके आणि परीक्षांचे अर्ज भरून होतात.

पीयूसी काढताना यंत्रावरचा आकडाही पाहावा. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के. आकडा मर्यादेच्या वर गेला तर स्लोवर पेट्रोल जास्त पडते आहे, हे मिस्त्रीने न सांगताही कळते.

‘व्हिंटेज’ या शब्दाचाही अर्थ समजून घ्यावा. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली वगैरे कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज कामावर नेता येत नाही. कष्टकऱ्याची बुलेट रोजच्या वापराची असते. तिला साधी नोंदणीच वेळेवर नूतन करून ठेवणे शहाणपणाचे. गाडीत मोठे फेरबदल करण्यापूर्वी आरटीओत विचारावे. फटाक्यासारख्या वाजणाऱ्या सायलेन्सरला दंड होतो, आणि शेजारच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना त्रास होतो तो वेगळा.

मान आणि ज्ञान

मोठा कार्बोरेटर मुलाला का हवा असतो? खरे उत्तर इंजिनात नाही. बुलेट गावातून गेली की लोकांनी वळून पाहावे, असे त्याला वाटते. हे वाटणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या समाजाला कालपर्यंत गावातून ताठ मानेने चालण्याची मुभा नव्हती, त्या समाजाच्या मुलाला बुलेटवर बसावेसे वाटणारच. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हे सवर्णांना खुपले म्हणून हल्ला झाला, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते. वाहन ही आपल्यासाठी नुसती लोखंडाची वस्तू कधीच नव्हती.

पण या बाबतीत बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग आठवावेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ते त्यांनी सांगितले आहेत. १९०१ मध्ये बाल भीमराव आणि सोबतची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर ती महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. साहेबांनी पायी चालणे तेथल्या आपल्या लोकांना मानहानीचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधीच टांगा न हाकलेल्या आपल्यातल्या एकाला हाकायला बसवले. पुलावर टांग्याला धक्का बसला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपला मान राखण्याच्या भरात या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी त्या माणसांना दोष दिला नाही. त्यांचे प्रेम त्यांना कळत होते. पण धडा उरतोच. वाहन मिळवणे ही एक पायरी, ते चालवण्याचे आणि राखण्याचे ज्ञान मिळवणे ही दुसरी. पहिलीवर थांबले की अपघात ठरलेला.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्याच बाबासाहेबांनी कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाकडे लक्ष दिले. आयटीआयचे सर्टिफिकेट हातात असलेल्या आपल्या मुलाने कार्बोरेटर आवाजावर निवडू नये, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

पारख कशी करावी?

सोण नावाच्या भिक्खूने अति कष्टाने साधना केली आणि तो निराश झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेची तार आठवून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. कार्बोरेटरचेही तसेच आहे. पेट्रोल जास्त पडले तर प्लग काजळीने काळा होतो, सिलिंडरवरचे ऑइल धुतले जाते, अ‍ॅव्हरेज जाते. पेट्रोल कमी पडले तर प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते, व्हॉल्व आणि पिस्टन जळू शकतात. फिकट चॉकलेटी प्लग म्हणजे मध्यम मार्ग.

कालामांना बुद्धांनी सांगितले होते की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश गॅरेजमध्येही उपयोगी पडतो. तो असा अमलात आणावा.

एक, आधी आहे तो २४ नीट करावा. वाटी साफ, फ्लोट बरोबर, स्लाईड झिजलेली नाही, मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरत नाही. व्हॉल्व आणि इग्निशनचे टायमिंग पाहावे. या गोष्टी बिघडलेल्या असतील तर कोणताही कार्बोरेटर चालणार नाही.

दोन, एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा. अ‍ॅक्सिलेटर अगदी थोडा उघडा असताना बारीक जेट आणि स्क्रू काम करतो, मधल्या पट्ट्यात सुई आणि पूर्ण उघडल्यावर मोठा जेट. त्रास कोठे होतो ते पाहून तोच भाग बदलावा. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढते.

तीन, स्क्रूचा फरक ध्यानात ठेवावा. व्हीएम कार्बोरेटरचा स्क्रू हवेचा असतो, तो आत फिरवला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. व्हॅक्यूमच्या कार्बोरेटरचा स्क्रू पेट्रोलचा असतो, तो बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते. हा उलटा हिशेब न कळल्याने पुष्कळ गाड्या बिघडतात.

चार, टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर मोजावेत. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

पाच, हे काम उघड्यावर करावे. जवळ विडी-सिगारेट नको, लहान मुले नकोत, आणि नळीतून तोंडाने पेट्रोल ओढणे तर कधीच नको.

आमचे मत

जुन्या ३५० बुलेटचे इंजिन आतून बदललेले नसेल तर चांगल्या प्रतीचा नवा २४ बसवावा आणि इथेनॉलच्या हिशेबाने जेट पाहावा. वडिलांचे म्हणणे येथे बरोबर ठरते. मात्र ते ‘कंपनीने दिला’ म्हणून बरोबर नाही, हवेच्या वेगाचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे म्हणून बरोबर आहे. गाडी रोज लांब चालवायची असेल, हाताशी पैसे असतील आणि जोडकाम जाणणारा मिस्त्री असेल, तर व्हॅक्यूमचा बसवायला हरकत नाही. २८ चा कार्बोरेटर ५०० च्या गाडीसाठी किंवा ज्याने हेड आणि व्हॉल्व यांचे काम खरोखर करून घेतले आहे त्याच्यासाठी राखून ठेवावा.

आणखी एक सुचवावेसे वाटते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर निवृत्त फिटरांनी एक जुना कार्बोरेटर वर्तमानपत्रावर उघडून ठेवावा आणि मुला-मुलींना त्यातला प्रत्येक भाग हाताळू द्यावा. घसा कोणता, जेट कोणता, सुई कोणती, हे ज्या मुलीने एकदा हाताने पाहिले, तिला उद्या कोणताही दुकानदार आकड्याने फसवू शकणार नाही. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आज्ञेत पान्हा धरायला शिकणेही येते.

जयभीम!